अथेन्स-स्पार्टा पाठ आहे, पण नंदिवर्धन-वत्सगुल्म?



मागच्या आठवड्यात गावातल्या अभ्यासिकेत एका कामानं गेलो होतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी चार-पाच पोरं बसली होती. त्यातला एक जण मोठ्यानं पाठ करत होता. स्पार्टा, दोन राजे, पाच एफोर. अथेन्स, नागरिकांची सभा, पाचशे जणांचं मंडळ, चिठ्ठ्या टाकून निवड. पोरगा हुशार होता, एकही चूक नाही.

मी सहज विचारलं, "भाऊ, वाशीमचं जुनं नाव काय?"

एकानं सांगितलं, वत्सगुल्म.

"बरोबर. तिथं राज्य कोणाचं होतं?"

"वाकाटकांचं."

"आणि त्याच वेळी वाकाटकांचंच दुसरं घराणं कुठं राज्य करत होतं? त्या दोघांच्या कारभारात फरक काय होता?"

आता सगळे गप्प. मग एक जण हसत म्हणाला, "काका, हे तं आमाले मालूमच नोतं. पेपरले येते काय?"

पोरांना दोष देत नाही. मी स्वतः शाळेत होतो तेव्हा वाकाटक म्हणजे अजिंठा, एवढी एकच ओळ माहीत होती. पत्रकारितेचा डिप्लोमा केला, वीस वर्षं बातम्या लिहिल्या, तरी हे कळायला चाळिशी उलटावी लागली. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आधी दोन ओळी ग्रीसच्या

ग्रीसची ही दोन शहरं आपण का शिकतो? भाषा एक, देव एक, तरी राज्य करायची रीत वेगळी. अथेन्समध्ये नागरिक सभेत बसून निर्णय घ्यायचे, पण बाया आणि गुलाम त्या सभेच्या बाहेर. स्पार्टात एकाच वेळी दोन राजे, त्यांच्यावर नजर ठेवायला दरवर्षी निवडलेले पाच एफोर, आणि म्हाताऱ्या माणसांचं तीस जणांचं मंडळ, त्यात हे दोन राजेही आले. शेतात राबायला मात्र हेलॉट नावाचे बांधलेले लोक. इसवी सनापूर्वी ४३१ ते ४०४ या काळात दोघं एकमेकांशी लढले. स्पार्टा जिंकलं, पण टिकलं नाही. इसवी सनापूर्वी ३३८ मध्ये मॅसिडोनियाच्या फिलिपनं ग्रीक शहरांच्या फौजेचा पराभव केला आणि सगळा खेळ त्याच्या हातात गेला.

दोन राज्यं शेजारी ठेवून पाहिली की राज्य म्हणजे काय ते कळतं, म्हणून हा धडा जगभर शिकवतात. आपल्या विदर्भात असाच धडा पडलेला आहे. तोही आपल्या अंगणात.

एका आजोबाची दोन घरं

इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात विंध्यशक्ती नावाच्या माणसानं वाकाटक घराण्याची सुरुवात केली. त्याचा मुलगा पहिला प्रवरसेन. यानं चार अश्वमेध केले आणि स्वतःला सम्राट म्हणवलं. वाकाटकांत सम्राट ही पदवी त्याच्याशिवाय कोणी लावली नाही. पुराणं सांगतात की त्याला चार मुलं होती. त्यातल्या दोघांच्या शाखांचा माग लागतो.

थोरला गौतमीपुत्र बापाआधीच गेला. त्याचा मुलगा रुद्रसेन पूर्वेकडं राहिला. त्या शाखेची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचं आजचं नगरधन. दुसरा मुलगा सर्वसेन. त्यानं पश्चिमेला वत्सगुल्मात, म्हणजे वाशीमला, आपलं बस्तान बसवलं. साधारण इसवी सन ३३० च्या सुमारास ही वाटणी झाली असं मानतात.

गंमत अशी की वाशीमचं वेगळं घराणं होतं हेच कितीतरी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. १९३९ मध्ये वाशीमचा ताम्रपट उजेडात आला आणि मग अजिंठ्याच्या लेखातली पुसट नावं नव्यानं वाचली गेली. वा. वि. मिराशींनी या सगळ्या लेखांचा मोठा ग्रंथ १९६३ मध्ये काढला. म्हणजे आपल्या शेजारचं एक आख्खं राज्य पंधराशे वर्षं विस्मृतीत होतं.

आणखी एक गोष्ट. दोन्ही घराणी आपापल्या लेखात वंशावळ सांगतात. दोघंही पहिल्या प्रवरसेनाचं नाव अभिमानानं घेतात. तिथून खाली मात्र पूर्वेकडचे फक्त आपली पिढी मोजतात, पश्चिमेकडचे फक्त आपली. चुलतभावाचं नाव नाही. गावाकडं सातबारा फोडल्यावर दोन घरांत जसं होतं तसंच. आजोबाचा फोटो दोन्ही घरात, पण लग्नपत्रिकेत एकमेकांचं नाव नाही.

गादीवर लेकरू आलं तेव्हा कारभार कोणी पाहिला?

राज्याची खरी परीक्षा राजा कमजोर असतो तेव्हा होते. दोन्ही घराण्यांवर ही वेळ आली.

नंदिवर्धनचा दुसरा रुद्रसेन लवकर वारला. मागं लहान मुलं. त्याची राणी प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक. तिनं युवराज दिवाकरसेनाची आई म्हणून कारभार हातात घेतला. तिचा पुण्यात मिळालेला ताम्रपट तेराव्या वर्षाचा आहे. म्हणजे किमान तेरा वर्षं ही बाई राज्य चालवत होती. तिच्या ताम्रपटात सुरुवातीला सासरची नाही, माहेरची वंशावळ येते. गोत्रही ती माहेरचं धारण सांगते, सासरचं विष्णुवृद्ध नाही. नगरधनला २०१५ ते २०१८ या काळात उत्खनन झालं, त्यात तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. पुढं दुसरा प्रवरसेन गादीवर आल्यावरही, त्याच्या एकोणिसाव्या वर्षी, ती स्वतःच्या नावानं दान देताना दिसते. तो ताम्रपट आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा. तेच रिद्धपूर, जिथं पुढं महानुभावांची गादी झाली.

आता वत्सगुल्म. अजिंठ्याच्या सोळा नंबरच्या लेण्यातला लेख सांगतो की तिथंही आठ वर्षांचा एक राजा गादीवर आला. त्याचं नाव लेखातून झिजून गेलंय. त्याच्या आईचं नाव कुठंच नाही. पुढच्या पिढीत राजा देवसेन आला आणि तेव्हा कारभार हस्तिभोज नावाच्या मंत्र्याकडं होता. लेख सरळ सांगतो की असा मंत्री मिळाल्यामुळं राजा सुखोपभोगात रमला. हा लेख लिहवून घेणारा वराहदेव हा त्याच हस्तिभोजाचा मुलगा आणि पुढच्या हरिषेण राजाचा मंत्री. म्हणजे बापानंतर लेक, मंत्रिपद घरातच.

एकीकडं राजवाड्यातली बाई, तिच्या पाठीशी माहेरचं साम्राज्य. दुसरीकडं मंत्र्यांचं घराणं. प्रभावतीचं कौतुक करताना एक विसरू नका. तिला अधिकार मिळाला तो 'आई' म्हणून, आणि तिच्यामागं पाटलीपुत्राचं वजन होतं. ग्रीसमध्येही बायकांना मोकळीक जास्त ती लष्करी स्पार्टात. तिथली बरीचशी जमीन बायकांच्या नावावर असल्याची तक्रार अ‍ॅरिस्टॉटलनं केलीय. लोकशाहीवाल्या अथेन्समध्ये बाईला सभेत जागा नव्हती. राज्याच्या पाटीवर काय लिहिलंय, यावरून घरातल्या बाईची अवस्था कळत नसते.

गावाकडून काय घेत होते?

राजेहो, खरी मजा इथं आहे.

ताम्रपट म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरचं दानपत्र. राजा एखादं गाव ब्राह्मणांना देतो आणि त्या गावाला कशाकशातून सूट आहे ते लिहून देतो. पत्रकाराची खोड म्हणून मी ही यादी उलटी वाचतो. ज्यातून सूट दिली, ते बाकीच्या गावांना भरावं लागत होतं!

वाशीमचा ताम्रपट दुसऱ्या विंध्यशक्तीच्या सदतिसाव्या वर्षाचा. वंशावळ संस्कृतात, पण दानाचा मजकूर प्राकृतात. म्हणजे राजाचा मोठेपणा पंडितांच्या भाषेत आणि गावाच्या कामाचं लोकांच्या भाषेजवळचं. त्यातल्या सवलती बघा. सोनं आणि धान्य द्यायचं नाही. फुलं आणि दूध सरकारात द्यायचं नाही. आळीपाळीनं गायी-बैल पुरवायचे नाहीत. सैनिकांनी गावात शिरायचं नाही. आणि दौऱ्यावर आलेल्या माणसांसाठी खाटा, भांडी आणि नोकर पुरवायचे नाहीत.

खाटा! म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वी साहेबाचा दौरा निघाला की गावातल्या कोणाच्या तरी घरातली खाट उचलून नेत होते. हे वाचलं तेव्हा मला आमच्या भागातल्या म्हाताऱ्या लोकांनी सांगितलेल्या जुन्या साहेबांच्या मुक्कामाच्या गोष्टी आठवल्या. कोंबडी, अंडी, दूध, सगळं गावानं पुरवायचं.

त्याच यादीत 'प्रणय' नावाची एक वसुली आहे. हसू नका. प्रणय म्हणजे इथं प्रेमानं मागितलेली देणगी. तिजोरीत खडखडाट झाला की राजानं प्रेमानं मागायचं आणि लोकांनी प्रेमानं द्यायचं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही हा शब्द याच अर्थानं येतो. 'ऐच्छिक वर्गणी' नावाखाली सक्तीची पावती कधी फाडली असेल, तर तुम्हाला प्रणय कळला.

आता नंदिवर्धन शाखेचा चम्मकचा ताम्रपट घेऊ. आपल्याकडून तेल्हारा, अकोट, अंजनगाव सुर्जी करत अचलपूरला गेलं की जवळच चम्मक गाव आहे. जुनं नाव चर्मांक, भोजकट राज्यातलं, मधुनदीच्या काठावरचं. दुसऱ्या प्रवरसेनानं आपल्या अठराव्या वर्षी हे गाव एक हजार ब्राह्मणांना दिलं. जमीन ८,००० निवर्तन. पत्र्यावर नावं मात्र ४९ जणांचीच आहेत. बाकीच्यांचं काय झालं ते पत्रा सांगत नाही. लाभार्थ्यांची यादी आणि आकडा जुळत नसणं ही काही आजची बातमी नाही म्हणायची.

इथंही सवलती तशाच. सैनिक आणि शिपाई यांना प्रवेश नाही. गायी-बैलांची पाळी नाही. फुलं-दूध नाही. चारा, बसायला कातडी आणि कोळसा द्यायचा नाही. मीठ, दारू आणि खणण्यावरचा सरकारी हक्क माफ. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, सगळ्या प्रकारची वेठ माफ.

दोन राजधान्या, दोन दरबार, एकमेकांचं नाव न घेणारी दोन घराणी. पण गावाकडून मागायच्या गोष्टी जवळपास त्याच! नंदिवर्धनच्या शिपायाला जे दूध लागत होतं तेच वत्सगुल्मच्या शिपायालाही. राज्य बदललं तरी म्हशीला काय फरक पडला?

आणि ज्या गावांना असा पत्रा मिळाला नाही, त्यांचं काय? त्यांची संख्या अर्थातच फार मोठी. ती गावं देत राहिली. त्यांची नावं कोणत्याही तांब्यावर नाहीत.

राजाला अटी, दान घेणाऱ्यालाही अटी

तरीपण एका बाबतीत या जुन्या लोकांना मानलं पाहिजे. चम्मकच्या पत्र्यात दानासोबत अटी लिहिल्यात. दान सूर्य-चंद्र असेपर्यंत चालेल, पण कधी? घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करायचा नाही. चोरी, व्यभिचार, ब्रह्महत्या, राजाला विष घालणं असले उद्योग करायचे नाहीत. युद्ध करायचं नाही. आणि दुसऱ्या गावांना त्रास द्यायचा नाही. यातलं काही केलं, किंवा करणाऱ्याला साथ दिली, तर राजानं जमीन परत घेतली तरी ती चोरी ठरणार नाही.

पुन्हा वाचा. दुसऱ्या गावांना त्रास द्यायचा नाही. देणगी घेऊन शेजाऱ्याच्या बांधावर जाऊ नकोस, हे तांब्यावर कोरून दिलंय.

शिवाय जबाबदारी कोणाची तेही पत्र्यात आहे. सर्वाध्यक्ष नावाचा वरचा अधिकारी, त्याच्या हुकमानं फिरणारे कुलपुत्र, त्यांना हा आदेश उद्देशून आहे. पत्रा लिहिला तेव्हा सेनापती कोण होता त्याचं नाव शेवटी येतं. चम्मकच्या पत्र्यात ते चित्रवर्मा. म्हणजे उद्या कोणी आडवा आला तर कोणाच्या सहीनं झालं ते सांगता येत होतं.

अथेन्सच्या लोकांनी कायदे दगडावर कोरून चौकात लावले याचं आपण कौतुक करतो. ते रास्तच आहे. आपल्याकडं लोकसभा नव्हती, निवडणूक नव्हती, राजाला खाली खेचायची सोय नव्हती. पण राजानं दिलेला शब्द लिहून ठेवायची रीत होती. फरक एवढाच की अथेन्सचा दगड चौकात उभा होता आणि आपला पत्रा घेणाऱ्याच्या घरात पुरून ठेवलेला. ज्यांनी दूध दिलं त्यांना तो वाचायला मिळाला नाही.

कोणी काय उभं केलं?

नंदिवर्धनकडं रामटेकचा डोंगर. तिथली नरसिंहाची देवळं त्या काळची. राजे बहुतेक शिवभक्त, प्रभावती मात्र विष्णुभक्त. दुसऱ्या प्रवरसेनानं प्रवरपूर नावाची नवी राजधानी वसवली. ती पवनारला की मनसरला, यावर अभ्यासकांचा वाद आहे. याच प्रवरसेनाच्या नावावर सेतुबंध हे प्राकृत महाकाव्य आहे.

वत्सगुल्मकडं अजिंठा. राजे वैदिक, ब्राह्मणांना दान देणारे. पण सोळा नंबरचं लेणं मंत्री वराहदेवानं बौद्ध संघाला दिलं. सतरा नंबरचं एका मांडलिक राजानं कोरवलं, धाकट्या भावाच्या मरणाचं दुःख मनात घेऊन. सव्वीस नंबरचं बुद्धभद्र नावाच्या भिक्षूनं. राजाचा धर्म एक, मंत्र्याचं दान दुसऱ्या धर्माला, आणि त्यावरून कोणाचं मंत्रिपद गेलं नाही. बुलढाण्याहून तास-दीड तासावर हे सगळं आहे आणि आपण तिथं सेल्फी काढून परत येतो.

याही घराण्यात कवी होता. मूळ पुरुष सर्वसेनाचं हरिविजय हे काव्य प्राकृतात होतं. ते आज मिळत नाही, जुन्या ग्रंथांतल्या उताऱ्यांपुरतं उरलंय. पण वत्सगुल्मची कीर्ती एवढी की वैदर्भी लेखनशैलीला 'वच्छोमी' असंही नाव पडलं, म्हणजे वाशीमची. एकमेकांचं नाव न घेणाऱ्या दोन्ही दरबारांनी कविता मात्र एकाच भाषेत केली, महाराष्ट्री प्राकृतात. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्या अभिजातपणाच्या मुळाशी रामटेक आणि वाशीम दोन्हीची माती आहे.

पण मला स्वतःला सगळ्यात जवळचा वाटतो तो वाशीमजवळच्या हिस्से बोराळ्याचा लेख. देवसेनाच्या काळातला, शके ३८० चा, म्हणजे इसवी सन ४५७-५८. शक हे नाव घेऊन साल सांगणाऱ्या अगदी सुरुवातीच्या लेखांपैकी हा एक. देवसेनाचा आज्ञाकर स्वामिल्लदेव यानं सुदर्शन नावाचा तलाव बांधला, असं त्यात आहे. योगायोग पाहा. त्याच दोन-तीन वर्षांत तिकडं गुजरातेत जुनागडला फुटलेला सुदर्शन तलाव स्कंदगुप्ताच्या अधिकाऱ्यानं दुरुस्त केला. दोन्ही तलावांचं नाव एकच.

राजा सुखोपभोगात रमलेला होता म्हणतात. पण त्याच्या एका अधिकाऱ्यानं पाणी अडवलं आणि नाव, साल, काम, तिन्ही दगडावर लिहून ठेवलं.

दोघांच्या भांडणाचा शेवट

दोन घराण्यांची समोरासमोर लढाई झाली असं सांगणारा पत्रा नाही. पण वास येतो. नंदिवर्धनचा शेवटचा मोठा राजा दुसरा पृथ्वीषेण. बालाघाटच्या पत्र्यात त्याच्याबद्दल म्हटलंय की त्यानं बुडालेला वंश दोनदा वर काढला. कोणी बुडवला होता? एकदा नल राजांनी, हे बऱ्यापैकी स्पष्ट आहे, कारण नलांचा खुद्द नंदिवर्धनातून दिलेला ताम्रपट मिळालाय. दुसऱ्या वेळी वत्सगुल्मच्या भाऊबंदांनी, असा बऱ्याच अभ्यासकांचा कयास आहे. पृथ्वीषेणानंतर पूर्वेकडची शाखा दिसेनाशी होते आणि पश्चिमेचा हरिषेण एकदम मोठा होतो. अजिंठ्याचा लेख त्याच्या नावापुढं कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट, आंध्र अशी देशांची रांग लावतो.

आणि मग? सहावं शतक उजाडेपर्यंत हरिषेणाचंही राज्य संपलं. अजिंठ्याची कितीतरी लेणी अर्धवट राहिली. छिन्नीचे घाव आजही दिसतात.

दंडीच्या दशकुमारचरितात विदर्भाच्या एका राजाची गोष्ट आहे. तरुण राजा अनंतवर्मा राजनीतीचा अभ्यास सोडतो. दरबारातला खुशमस्कऱ्या त्याला पटवतो की हे कारभाराचे धडे म्हणजे नुसती डोकेदुखी. म्हातारा मंत्री समजावतो, त्याला बाजूला सारतात. शेजारचा अश्मक राजा आपला माणूस पाठवून दरबार आणखी नासवतो, मांडलिक फितवतो, आणि शेवटी राजा मरतो, राणी लेकरांना घेऊन पळते. ही गोष्ट म्हणजे वाकाटकांच्या शेवटाची आठवण असावी, असं काही विद्वान म्हणतात. इतिहास म्हणून नको घेऊ, गोष्ट म्हणून तरी घेऊ. खुशमस्कऱ्याचा पगार कोणत्याच राज्यात थकत नाही, एवढं त्यातून कळतं.

अथेन्स आणि स्पार्टा भांडले, मॅसिडोनियाचं फावलं. नंदिवर्धन गेलं, वत्सगुल्म फुगलं आणि एका पिढीत फुटलं. फायदा तिसऱ्यांचा झाला.

मग आपण काय घ्यायचं?

आजही विदर्भात पूर्व आणि पश्चिम अशी कुरबूर आहे. नागपूरला सगळं जातं, आमच्या अमरावती विभागाला काय? सिंचनाचा अनुशेष बुलढाणा-अकोल्याच्या वाट्यालाच का? १९५३ चा नागपूर करार, १९८४ चा दांडेकर समितीचा अहवाल, सगळं वाचून झालं. हा प्रश्न खरा आहे, मी स्वतः त्यावर कितीतरी बातम्या लिहिल्यात आणि पुढंही लिहीन. पण वाकाटकांचे पत्रे वाचल्यावर त्यात एक प्रश्न वाढला. समजा राजधानी उद्या वाशीमला आली, शेगावला आली, अगदी वरवटला आली, तर गावाकडून जे मागतात आणि गावाला जे लिहून देतात, त्यात काय बदलणार?

राज्य कोणाचं, यावर आपण चौकात तासन्‌तास बोलतो. राज्य काय घेतं, काय देतं आणि ते कोणाच्या नावानं लिहिलेलं आहे, यावर पाच मिनिटंही नाही.

आपला तालुका खारपाणपट्ट्यातला. जमिनीखालचं पाणी खारं. किडनीच्या आजारानं कोणत्या गल्लीत कोण गेलं हे इथं कोणाला सांगायची गरज नाही. वान धरणावरून १४० गावांची पाणी योजना आली, तिच्या बातम्या मी लिहिल्या, आणि नळ कोरडा राहिल्याच्या बातम्याही मीच लिहिल्या. अशा कामांच्या कोनशिला तुम्ही पाहिल्यात. उद्घाटक कोण, प्रमुख पाहुणे कोण, विशेष उपस्थिती कोणाची, पंधरा-वीस नावं. पाणी किती दिवसाआड येणार, बिघडलं तर कोण दुरुस्त करणार, काम नीट नसेल तर पैसा कोणाकडून परत घ्यायचा, याची एक ओळ नाही.

स्वामिल्लदेवाच्या दगडावर काम करणाऱ्याचं नाव आहे. चम्मकच्या पत्र्यावर अट मोडली तर काय, ते लिहिलंय. ती राजेशाही होती, त्यात वेठ होती, वरच्या जातीला जमीन आणि बाकीच्यांना पाळ्या होत्या. तो काळ परत यावा असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण मतदान नसलेल्या राज्यानं जेवढं लिहून दिलं, तेवढं तरी मतदान असलेल्या राज्यात मागायला काय हरकत आहे? आणि आपला पत्रा तर आता पुरून ठेवायची गरज नाही. ग्रामसभेत मागता येतो, माहितीच्या अधिकारात मागता येतो, भिंतीवर लावता येतो.

येत्या ग्रामसभेत मी एकच मागणी करणार आहे. पाण्याच्या कामाचा फलक लावा. त्यावर कामाची रक्कम, ठेकेदार, जबाबदार अधिकारी, पाणी येण्याचे दिवस आणि तक्रार कोणाकडं करायची, एवढं लिहा. उद्घाटकाचं नाव खाली बारीक अक्षरात टाकलं तरी चालेल. कोणाला सोबत यायचं असेल तर या. अभ्यासिकेतल्या पोरांनाही बोलावलंय. एफोर म्हणजे काय ते पुस्तकात वाचलंय, आता नजर ठेवायची कशी तेही शिकतील.

आणि वाशीमला कधी गेलात तर बालाजीचं दर्शन घेऊन लगेच निघू नका. हिस्से बोराळा जवळच आहे. राजाला नाही, तलाव बांधणाऱ्याला नमस्कार करून या.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण पूर्ण वाचून भांडा.

जय विदर्भ, जय महाराष्ट्र. दोन्ही म्हणतो, म्हणजे दोन्ही घराणी खूश.

#वत्सगुल्म #नंदिवर्धन #खारपाणपट्टा #वरवट_बकाल